आपण कोण बोलणार?

गेल्या श्रावणातली दुपार. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी गादीवर बसून खणांच्या घड्या सारख्या करत होते. आमचं कापडाचं दुकान बेळगावच्या शहापुरात. वडिलांच्या काळात मागच्या पडवीत सहा माग चालायचे. माग गेले, दुकान राहिलं. ओळखीतल्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी बारावीत शिकणारी. बाईंना शाल हवी होती.

"भारीतली दाखवा. महाराज यायलेत, यंदा पाद्यपूजा आमच्या घरात हाय."

मी तीन-चार शाली उलगडल्या. मुलगी दारालगतच्या स्टुलावर बसून ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, परत मारत होती. शालीचा पोत बघता बघता बाई म्हणाल्या, "ही यंदा नको म्हणायलीय बघा. गेल्या वर्षी महाराजांनी हिला एकटीला खोलीत बोलावून अनुग्रह दिला. केवढं भाग्य! लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. आणि ही म्हणते, मी आत जाणार नाही."

"नको म्हणते तर कशाला पाठवता?"

"अवो, असं कसं? वरून आदेश झाल्याबिगर ते कुणाला आत बोलवत नाहीत. आपण कोण बोलणार?"

मुलीनं मान वर केली नाही, पण गाठीवरचे हात थांबले.

मी म्हणाले, "वहिनी, पूजा करा, शाल द्या, जेवू घाला. पण हिला एकटीला आत पाठवू नका. गेल्या वर्षी काय झालं ते हिला विचारा, आणि ही सांगेल ते खरं धरा."

बाईंचा चेहरा एकदम बदलला. "तुमच्या तोंडून असं ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं," एवढंच बोलल्या. पैसे मोजून दिले, शाल घेतली, निघाल्या. पायरी उतरताना मुलीनं एकदा मागं वळून बघितलं. त्यानंतर त्या दुकानात आलेल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर पलीकडच्या कडेनं जातात.

त्या खोलीत गेल्या वर्षी काय घडलं, मला ठाऊक नाही. काहीच घडलं नसेल. ज्या महाराजांना मी कधी पाहिलं नाही त्यांच्यावर मी कसलाही आरोप करत नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीचं 'नको' आईच्या कानावर पडत होतं आणि वरच्या आदेशापुढं त्याला काही किंमत उरली नव्हती, हे मी माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून 'आपण कोण बोलणार' हे तीन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा अकरा वर्षांची होते.

आमच्या घरीही एक महाराज यायचे. गल्लीतल्या पाच-सहा घरांचे ते गुरू. दर वर्षी एका घरी मुक्काम. त्या वर्षी पाळी आमची होती. आत्या दोन दिवस आधीपासून मांडे करत होती. बेळगावात मांड्यांचं अप्रूप कुणाला सांगायला नको, पण आत्याचे मांडे बघत राहावेत असे. रवा-मैद्याची कणीक तुपात मळून मळून लोण्यासारखी करायची, पोटात पिठीसाखर भरायची, आणि मग दोन्ही पालथ्या हातांवर झेलत झेलत ती पोळी अशी वाढवायची की तिच्यातून आत्याच्या बांगड्या दिसायच्या. मग उपड्या खापरावर अलगद सोडायची. आत्या विधवा होती, पंचविसाव्या वर्षी माहेरी परत आलेली. एरवी घरात तिचा आवाज नसायचा. मांडे करताना मात्र तिच्याकडं बघून वाटायचं, ही या घराची मालकीण आहे.

महाराज आले. चांदीच्या तबकात पाय धुतले गेले, ते तीर्थ आम्ही सगळ्यांनी घेतलं. त्यांच्या सेवेला गल्लीतलाच एक पोरगा दिला होता, माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान. त्याचे वडील दुसऱ्याच्या मागावर रोजानं विणायचे. पोराला सेवा घडली तर घराचं भलं होईल म्हणून त्यांनी त्याला पाठवला होता. संध्याकाळी महाराजांना पाय शेकायला गरम पाणी हवं होतं. पोरानं बादली आणली, उंबऱ्याला पाय अडखळला, थोडं पाणी महाराजांच्या आसनावर सांडलं. महाराज उठले आणि त्यांनी पोराच्या कानशिलात वाजवली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी पोरगा भिंतीवर आदळला. त्याच्या गालावर बोटं उमटली होती, चार, वेगवेगळी मोजता येतील अशी. मी दारात उभी राहून ती मोजली.

खोलीत बारा-पंधरा माणसं होती. सगळ्यांचे हात जोडलेले. कुणीतरी म्हणालं, "नशीबवान हाय पोरगा. महाराजांचा मार म्हणजे प्रसाद." बाकीच्यांनी माना हलवल्या. पोराच्या वडिलांनी पुढं येऊन पोराला महाराजांच्या पायांवर घातलं.

मी रात्री बाबांना विचारलं, "त्याला का मारलं?" बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "तसं बोलायचं नसतं बाळ. त्यांचं त्यांना ठाऊक. आपण कोण बोलणार?"

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, माझे वडील भित्रे किंवा निष्ठुर होते. नव्हते. त्याच वर्षी, दोनच महिने आधी, आमच्या थोरल्या विणकरानं कांडी भरणाऱ्या पोराला एक चापट मारली होती. बाबा हिशेब टाकून पडवीत गेले, सगळे माग थांबवायला लावले, आणि सगळ्यांसमोर त्या विणकराला म्हणाले, "पोराच्या अंगावर हात टाकायचा नाही. सूत तुटलं तर जोडता येतंय." तो विणकर आमच्याकडं वीस वर्षं कामाला होता, त्याच्या हातासारखी किनार गावात कुणाची उतरत नव्हती. तरी बाबांनी त्याला ऐकवलं. म्हणजे माप घरात होतं. लहान पोराला मारणं वाईट, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त ते माप एका माणसासमोर आलं की आम्ही मागं लपवत होतो.

आत्याचंही तसंच. भाजीवालीकडं चार आण्यांसाठी घासाघीस करणारी ती बाई, पुढच्या वर्षी हातातल्या दोन्ही पाटल्या काढून देऊन बसली. महाराजांच्या स्वप्नात दत्तगुरू आले होते आणि मठाच्या शिखराला या घरातून सोनं यावं अशी त्यांची इच्छा होती म्हणे. शिखर झालं की नाही, कुणी बघायला गेलं नाही.

पुष्कळ वर्षं मला वाटायचं, प्रश्न असा आहे की त्यांच्याशी देव खरंच बोलत होता का? हो म्हणावं तर थप्पड गिळावी लागते, नाही म्हणावं तर आजीपासून चालत आलेली सगळी श्रद्धाच खोटी ठरते. या कात्रीत मी बरीच वर्षं काढली. मग हळूहळू लक्षात आलं की इथं दोन प्रश्न आहेत, आणि ते मुद्दाम एकात एक गुंतवले जातात. देव कुणाशी बोलतो, हे मला कळायचा काही मार्ग नाही. एखाद्यानं सांगितलं की मला साक्षात्कार झाला, तर मी त्याला खोटा म्हणणार नाही, खराही म्हणणार नाही. पण पोराच्या गालावर बोटं उमटली, हे मी पाहिलं. ते कळायला साक्षात्कार लागत नाही. आणि होतं असं की ज्या गोष्टीचा पुरावा कुणालाच देता येत नाही, ती पुढं करून जी सगळ्यांना दिसते तिच्यावर पडदा टाकला जातो.

कॉलेजात असताना सार्वजनिक वाचनालयात बसून मी पहिल्यांदा १८६२ सालच्या मुंबईतल्या खटल्याबद्दल वाचलं. महाराज लायबल केस म्हणतात तिला. वल्लभ संप्रदायातल्या काही महाराजांना भक्त साक्षात कृष्णाचं रूप मानायचे, आणि तन-मन-धन गुरूला अर्पण करायचं म्हणजे घरातल्या लेकीसुनांनाही महाराजांच्या महालात पाठवायचं, इथवर गोष्ट गेली होती. करसनदास मुळजी या गुजराती संपादकानं १८६० साली आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात याविरुद्ध लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला, ५०,००० रुपयांचा. भाटिया समाजातल्या पुढाऱ्यांनी महाराजांविरुद्ध साक्ष द्यायची नाही असा बंदोबस्त करायचा प्रयत्न केला, त्याचा वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला.

या खटल्यात डॉक्टर भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले. मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, विद्वान, आपल्या गोव्याकडच्या मातीतले. त्यांनी कोर्टात सांगितलं की महाराजांच्या गुप्तरोगावर मी स्वतः उपचार केलेत. मला ही साक्ष फार मोठी वाटते. त्यासाठी भाऊ दाजींना धर्मग्रंथ उघडावा लागला नाही, कृष्णाबद्दल वाद घालावा लागला नाही. जे आपण पाहिलं ते सांगितलं. न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी निकालात म्हटलं की आमच्यापुढं प्रश्न धर्मशास्त्राचा नाही, नीतीचा आहे. जे नीतीनं वाईट ते धर्मानं चांगलं असू शकत नाही.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. करसनदास स्वतः त्याच संप्रदायात जन्मलेले. त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांतही त्याच संप्रदायातली माणसं होती. त्यांनी कृष्ण सोडला नव्हता. देवाच्या नावानं जे चाललंय ते आम्हाला मान्य नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हा 'बोलणारा तो नास्तिक' हे जे आपल्याकडं पटकन म्हटलं जातं, ते तेव्हाही खरं नव्हतं.

आमच्या भागात 'देवीची आज्ञा' या शब्दांनी काय काय केलंय, ते सौंदत्तीच्या डोंगरानं पाहिलंय. यल्लम्मा आमच्या घरचीही देवी. पुनवेला बैलगाड्या जायच्या, आता टेंपो जातात, कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्या माणसांनी डोंगर पिवळा होतो भंडाऱ्यानं. उदो उदोच्या गजरात माझ्याही अंगावर काटा येतो, आणि तो काटा खोटा नाही. पण याच देवीच्या नावानं गरिबाघरच्या, बहुतेक दलित घरांतल्या पोरींच्या गळ्यात मोती बांधले गेले, म्हणजे त्यांना देवदासी म्हणून देवीला सोडलं गेलं. पोरीच्या केसात जट झाली की देवीनं बोलावलं म्हणायचं. केस विंचरले नाहीत, तेल मिळालं नाही, की जट होते. पण ते कुणी बोलायचं नाही. मग तिनं लग्न करायचं नाही, आणि गावातल्या पैसेवाल्यांसाठी तिचं दार उघडं. कर्नाटकानं १९८२ साली कायदा करून मुली सोडायला बंदी घातली. त्याआधी १९३४ पासून मुंबई इलाख्यात कायदा होताच. तरीही मोती बांधले जात राहिले. कायदा माणसाचा आणि आज्ञा देवीची, असं म्हणून.

आमच्या दारात एक म्हातारी जोगतीण जोगव्याला यायची. डोक्यावर परडी, कपाळभर मळवट. आई तिला पीठ-मीठ घालायची, पाया पडायची. मी तेव्हा कॉलेजात जाणारी, थोडं वाचलेली. एकदा तिला पायरीवर बसवून चहा दिला आणि विचारलं, "मावशी, तुला सोडलं ते देवीनंच सांगितलं होतं काय?"

ती बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसली. मग म्हणाली, "देवी कशाला सांगंल बाई. देवी तर आई हाय. ज्यांनी सांगितलं देवी म्हणतीया म्हणून, त्यांच्या लेकींच्या केसात कधी जट झाली नाही बघ."

परडी उचलून, उदो म्हणून ती पुढच्या दाराला गेली. तिचा देवीवरचा विश्वास तसूभर कमी झाला नव्हता. आज्ञा कुणाच्या तोंडून आली आणि कुणाच्या पदरात काय पडलं, हे तिनं तेवढं नीट पाहून ठेवलं होतं. मी पुढं जे काही वाचलं, त्यात याहून नेमकी कसोटी मला सापडली नाही. वरून आदेश आला म्हणणाऱ्याला त्या आदेशानं काय सोसावं लागलं? आदेश नेहमी त्याच्याच सोयीचा कसा निघतो? पाटल्या आत्याच्या जायच्या, गाल पोराचा सुजायचा, खोलीत मुलगी जायची.

आणि याच्या उलटही आमच्याच गावात पाहायला मिळतं. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले होते. शिकागोच्या आधीचं वर्ष, त्यांना कुणी ओळखत नव्हतं. रिसालदार गल्लीत सदाशिवराव भाटे वकिलांच्या घरी उतरले. भाटे यांच्या मुलानं पुढं त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या. जेवण झाल्यावर स्वामींनी पान-सुपारी मागितली, नंतर खायचा तंबाखूही मागितला. घरातली माणसं चपापली. संन्याशाला तंबाखू? स्वामींनी काय सांगितलं? आपण कलकत्त्याचे पदवीधर, रामकृष्णांची भेट होण्याआधी आपलं आयुष्य अगदी वेगळं होतं, गुरूंमुळं ते बदललं, पण काही जुन्या सवयी सुटल्या नाहीत, आणि त्या फारशा महत्त्वाच्या नाहीत म्हणून राहू दिल्या.

मला हे वाचताना फार बरं वाटलं होतं. देवाला माझा तंबाखू आवडतो, असं ते म्हणाले नाहीत. तुम्हा संसारी माणसांना कळायचं नाही, असंही नाही. सवयीला सवय म्हटलं. यजमानांच्या घरातल्या माणसांनी शंका घेतली तर ती शंका रास्त धरून उत्तर दिलं. नंतर ते हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांकडं राहिले. या हरिपदबाबूंना तर संन्यासी म्हणजे लबाड असंच वाटायचं, आणि ते प्रश्न विचारून विचारून त्यांना पारखत राहिले. स्वामी त्यांच्यावर चिडले नाहीत. पुढं त्या पती-पत्नीनं त्यांच्याकडूनच दीक्षा घेतली. पारखून घेतलेली श्रद्धा ती.

आणखी एक माणूस आमच्या बाजूच्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिलेला. विजापूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी. कन्नड आणि मराठी दोन्हीत प्रवचन करायचे, शांत, आवाज न चढवता. मीही ऐकलंय. अंगात पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्याला खिसा नाही. कापडाच्या धंद्यातली मी, माझी नजर पहिल्यांदा तिथंच गेली. खिसाच नसलेला सदरा शिवून घेणं, ही मला त्यांच्या सगळ्या प्रवचनांइतकी मोठी गोष्ट वाटली. २०१८ साली सरकारनं पद्मश्री दिली, ती त्यांनी नम्रपणे नाकारली. २ जानेवारी २०२३ ला ते गेले. आपल्या देहाला अग्नी द्यावा, स्मारक बांधू नये, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. लोक त्यांना चालता-बोलता देव म्हणायचे. ते स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत, उलट मेल्यावरही कुणी तसं करू नये याची तजवीज करून गेले.

म्हणजे आपल्याला ओळखता येतं. सदऱ्याचा खिसा दिसतो, तसा गालावरचा वळही दिसतो. मग एकाच ठिकाणी का बघतो?

इथं मला आमच्या सीमाभागातल्या एका खोडीबद्दल बोलायचंय, कारण ती माझ्यातही आहे. आम्ही मराठी माणसं कन्नड मठातल्या स्वामींबद्दल चहाच्या टपरीवर वाट्टेल ते बोलतो. कन्नड माणसं आमच्या बुवांबद्दल बोलतात. हिंदू मौलवीबद्दल बोलतात, मुसलमान बुवांबद्दल. वर्तमानपत्रात दुसऱ्याच्या मठाची बातमी आली की आम्हाला नीती एकदम स्पष्ट दिसते, कायदा आठवतो, पोरीबाळींची काळजी वाटते. आपल्या महाराजांची बातमी आली की तीच माणसं म्हणतात, बदनामीचा कट आहे, आपले लोक फोडायचे म्हणून चाललंय. भाषेच्या भांडणात अडकलेल्या आमच्यासारख्या भागात तर हे फार सोपं जातं. आपला मठ म्हणजे आपली भाषा, आपली माणसं, आणि त्यावर बोट ठेवणारा म्हणजे फितूर. करसनदासांना त्यांच्या माणसांनी हेच ऐकवलं असणार. याचा फायदा एकाच माणसाला होतो, आणि तो आपला सामान्य भक्त नसतो.

उलट बाजूही मला दिसते. अफवेवरून माणसाला मातीत घालणं हा अन्याय आहे, आणि तो आपल्याकडं रोज होतो. खालच्या जातीतला कुणी कीर्तनकार नावारूपाला आला की त्याच्याबद्दल कुजबुज लवकर सुरू होते; घरंदाज मठाधिपतीबद्दल तीच गोष्ट वर्षानुवर्षं दाबली जाते. म्हणून मी ऐकीव गोष्टीवर बोलत नाही. पण ज्याच्या बाबतीत घडलं ती व्यक्ती स्वतः तोंड उघडते, तेव्हा 'अफवा' म्हणून तिला गप्प करणं, हा अफवा पसरवण्याहून मोठा अन्याय आहे. २००२ साली एका साध्वीनं निनावी पत्र लिहून थेट पंतप्रधानांकडं तक्रार केली होती, हरियाणातल्या डेरा सच्चा सौदा या पंथाच्या प्रमुखाबद्दल. निकाल लागला २०१७ मध्ये, बलात्काराचा गुन्हा सिद्ध झाला, २० वर्षांची शिक्षा झाली. मधली पंधरा वर्षं लाखो माणसं त्याच्या पाया पडत होती. आणि निकालाच्या दिवशी पंचकुलात त्याच्यासाठी दंगल झाली, तीसहून जास्त माणसं मेली. ती बहुतेक गरीबच असणार. कुणाच्या तरी घरची आत्या, कुणाच्या तरी घरचा मागावर बसणारा बाप.

महाराष्ट्रानं २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर. कर्नाटकात २०१७ मध्ये तसा कायदा मंजूर झाला. महाराष्ट्राच्या कायद्यात कोणकोणत्या गोष्टी गुन्हा ठरतात त्याची यादी आहे. त्यात एक कलम असं की स्वतःत अलौकिक शक्ती आहे किंवा आपण कुणाचा अवतार आहोत असं भासवून, किंवा पूर्वजन्मी तू माझी बायको होतीस असं सांगून, शरीरसंबंध ठेवणं. मी ते वाचून कितीतरी वेळ बसून राहिले. एवढं नेमकं वाक्य कायद्यात लिहावं लागलं, म्हणजे हे वाक्य किती बायकांच्या कानात, किती बंद खोल्यांमध्ये बोललं गेलं असेल. आणि बाहेर हात जोडून किती माणसं उभी असतील.

'आपण कोण बोलणार' म्हणणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही. ते नम्रतेतून येतं. आपण पापी, आपण अज्ञानी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण ज्या संतांनी ही नम्रता शिकवली, तेच भोंदूंवर सगळ्यात जास्त बोलले. तुकोबांच्या गाथेत ढोंगी साधूंवर जे आसूड आहेत तसे कुणा नास्तिकानंही ओढले नसतील. गाडगेबाबा तर कुणाला पायावर डोकं ठेवू द्यायचे नाहीत. जवळ आला तर हातातली काठी उगारायचे. आणि बाळेकुंद्रीचे पंत महाराज, ज्यांच्या उत्सवाला आजही आमच्याकडच्या पालख्या जातात, ते बेळगावात शाळेत मास्तर होते, मुलांना शिकवून पगार घेणारे. देवाची नम्रता वेगळी आणि माणसापुढं गप्प बसणं वेगळं, हे त्यांना कळत होतं. आम्हीच दोन्ही एक करून टाकलं.

बाबा जायच्या आधी सहा महिने अंथरुणाला खिळून होते. एके रात्री पाणी देताना मी त्या पोराची गोष्ट काढली. त्यांना आठवत नसेल असं वाटलं होतं. त्यांनी डोळे मिटले. "आठवतंय की," म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "मी त्याच्या बापाकडं बघत होतो. म्हटलं, बाप पुढं झाला तर मी पण होतो." एवढंच. कूस वळवून झोपले.

त्या पोराशी माझी परत भेट दोन वर्षांपूर्वी झाली. आता पन्नाशीचा माणूस, वडगावला त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. थोरल्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला बायको आणि व्याह्यांना घेऊन आला होता. मंडळी शालू बघण्यात गुंग झाली. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवते का? तो हसला नाही, रागावलाही नाही. खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"मार एवढा लक्षात नाही ताई," तो म्हणाला. "मार तर घरात पण खात होतो. सगळे हात जोडून उभे होते, ते लक्षात हाय. मी तुमच्या बाबांकडं बघितलं होतं. मागावर ते कुणाला मारू देत नव्हते, म्हणून."

मला काही बोलता येईना. पलीकडून त्याच्या बायकोनं हाक मारली, दोन शालू बाजूला काढले होते, त्यानं येऊन रंग सांगावा म्हणून. तो दोन पावलं गेला, परत वळला.

"ब्लाउज शिवून फॉल लावून शुक्रवारपर्यंत मिळतील काय?"

"गुरुवारीच देते," मी म्हणाले.